तुमचे प्रश्न: सणाचे रंग आणि दीड-दोन वर्षांची मुलं

प्रश्न: रंगपंचमीला दोन वर्षांच्या मुलाला घरच्या घरी रंग करून द्यायचे आहेत. मागच्या वेळी पाच-सहा रंग मांडले, तर पाच मिनिटांत सगळ्यांचा मातकट चिखल झाला. शिवाय तो बोटं तोंडात घालतो. हळद घरचीच आहे, तिचा रंग करता येईल का?
– एक आई, वसमत

उत्तर: ताई, चिखल झाला तो रंग जास्त दिल्यामुळे. लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही एकत्र आले की तपकिरीच होणार, मग हात मोठ्यांचा असो की लहानाचा. म्हणून एका वेळी दोनच वाट्या पुढे ठेवा. आज पिवळा आणि निळा, उद्या पिवळा आणि गुलाबी. दोनच रंग असले की मूल कितीही कालवो, जे होईल ते सुंदरच दिसतं. आपल्या बोटाखाली हिरवा उमटलेला त्याला स्वतःला दिसतो, आणि या वयात तेवढंच हवं असतं.

रंग असा करा. एक कप गार पाण्यात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर कालवा. गरम पाण्यात घातलंत तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. मंद आचेवर सतत ढवळत चार-पाच मिनिटं ठेवा. पांढरं पाणी अर्धपारदर्शक झालं, चमच्याला चिकटायला लागलं की उतरवा. निवल्यावर ते आणखी घट्ट होतं, त्यामुळे आचेवर थोडं सैलच राहू द्या. मग दोन वाट्यांत अर्धं अर्धं करा.

पिवळ्यासाठी एका वाटीत पाव चमचा हळद पुरते. ती खळ गरम असतानाच घाला, गार खळीत तिचे ठिपके राहतात. गुलाबीसाठी बीट किसून पिळलेला रस दोन चमचे. निळ्यासाठी खायच्या रंगाचे दोन-तीन थेंब. कपड्यांची नीळ मात्र मुळीच वापरू नका.

मिसळताना फिक्या रंगात गडद रंग घालायचा, उलटं नाही. चार चमचे पिवळ्याला एक चमचा निळा पुरतो. निळा पुढे गेला की पिवळा त्याला पुन्हा आवरत नाही. जांभळा करायचा असेल तर लाल रंग घेऊ नका. बाजारच्या लालात बहुधा पिवळट छटा असते, निळ्यात पडला की तो मळकट होतो. बिटाच्या गुलाबीत थोडा निळा घाला, स्वच्छ जांभळा मिळतो.

तुमच्याकडे हळद आहेच, तर एक गंमत जरूर दाखवा. हळदीच्या रंगात तुम्ही स्वतः चिमूटभर खायचा सोडा टाका, तो तांबूस होतो. वर लिंबू पिळा, फसफसून पुन्हा पिवळा. चुन्यानेही रंग असाच पालटतो, पण मुलाच्या आसपास चुना नको. डोळ्याला जबर इजा होते. कपड्यावर सांडलेल्या हळदीचंही हेच होतं. साबण लावला की डाग लाल दिसतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात वाळत घाला, फिका पडत जातो.

हा रंग जिभेला लागला तरी काळजी नाही. पण फाल्गुनातल्या उन्हात खळ संध्याकाळपर्यंत आंबते, त्यामुळे रोज ताजी आणि थोडीच करा. पळसाची वाळलेली फुलं गरम पाण्यात रात्रभर भिजवली तर केशरी पाणी छान निघतं, पण ते खेळायला. कागदावर फार फिकं उमटतं.

प्रश्न: पोळ्याला नातीसोबत काळ्या मातीचे बैल करतो. वाळताना तडकतात आणि रंग लावला की माती विरघळून बोटांना लागते. काय चुकतं?
– एक आजोबा, परभणी जिल्हा

उत्तर: आजोबा, आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात, तशाच बैलालाही पडतात. तीन भाग मातीत एक भाग चाळलेली बारीक वाळू मळा. पाय आखूड आणि जाड ठेवा. उन्हात न ठेवता सावलीत, वर सुती फडकं टाकून तीन-चार दिवस वाळू द्या. श्रावणातली हवा दमट असते, घाई केलीत तर वरून वाळतो आणि पोट ओलंच राहतं.

रंगाचं कारण वेगळं आहे. माती भाजलेली नसते, पातळ रंगातलं पाणी तिला पुन्हा चिखल करतं. आदल्या दिवशी तुम्ही फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून एक पातळ हात द्या. तो वाळला की घट्ट रंग घ्या. लहान मुलीच्या हाती ब्रश नको, ती तो दाबून फिरवते आणि शिंगच मोडतं. बोटाचं टोक रंगात बुडवून पाठीवर ठिपके द्यायला सांगा, झूल आपोआप तयार होते. शिंगं तुम्ही रंगवा. हे बैल तोंडात घालण्याचे नाहीत, नात दीड वर्षाची असेल तर जवळच बसा.

प्रश्न: घरातला शेंदूर, कुंकू, रांगोळी लहान मुलाला रंगवायला दिली तर चालेल?
– वाचक, धाराशिव

उत्तर: नाही. शेंदरात शिसं असतं. बाजारच्या कुंकवात कोणता रंग घातलाय ते कळत नाही. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती नाकाडोळ्यांत जाते.

त्याऐवजी एक वाटी तांदळाच्या पिठात पाऊण वाटी पाणी घाला. महालक्ष्म्यांच्या वेळी याचीच पावलं काढू द्या. मुलाची मूठ मिटवून करंगळीकडची बाजू पिठात टेकवायची आणि फरशीवर दाबायची, की पाऊल झालं. वर बोटाने पाच ठिपके दिले की बोटं. डाव्या मुठीचं डावं, उजव्या मुठीचं उजवं पाऊल उमटतं. ओलं असताना ते फिकं दिसतं म्हणून आणखी पीठ थापू नका, वाळलं की पांढरंशुभ्र होतं. पीठ तळाला बसतं, दर दोन-तीन पावलांनंतर ढवळा. पूजा झाली की फरशी पुसून घ्या, नाहीतर मुंग्या येतील.