चार पेढ्यांची चार संकेतस्थळे एका छताखाली आणताना

वाचकांचे प्रश्न : व्यवसाय आणि संगणक

प्रश्न : आमच्या कुटुंबाचे सांगलीत एकमेकांशी निगडित असे चार व्यवसाय आहेत. मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी, कुपवाडला हळद पावडरीचा कारखाना, तासगाव रस्त्याला बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आणि ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान. चारही वेबसाइट वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांकडून करून घेतल्या. मध्यंतरी कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक बदलला. तो दोन वेबसाइटवर बदलला गेला आणि दोन ठिकाणी जुनाच राहिला. आता चारही वेबसाइट एकाच प्रणालीवर आणाव्यात असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. तसे करावे का? केल्यास चारही एकसारख्या दिसू लागतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एकत्र आणावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एकत्र आणण्याचे दोन निराळे मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतल्याशिवाय कोणाशीही करार करू नये.

पहिल्या मार्गात चारही संकेतस्थळे एकाच सॉफ्टवेअरवर चालतात, पण मजकूर ज्याचा त्याच्याकडे राहतो. संकेतस्थळे चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमधील ‘मल्टिसाइट’ ही सोय या प्रकारची आहे. जून २०१० मधील ३.० या आवृत्तीपासून ती मूळ वर्डप्रेसमध्येच मिळते आणि २०१६ च्या ४.५ या आवृत्तीपासून प्रत्येक स्थळाला त्याचे स्वतंत्र डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) जोडण्यासाठी वेगळे प्लगइन (जादा सोय देणारा पूरक प्रोग्राम) लागत नाही, त्यामुळे आपल्या चारही पेढ्यांचे आजचे पत्ते जसेच्या तसे ठेवता येतील. वर्डप्रेस, थीम (दिसण्याचा साचा) आणि प्लगइन एकदाच अद्ययावत केली की चारही ठिकाणी होतात आणि वापरकर्त्यांची यादी एकच असते. एवढ्या गोष्टींनीही पुष्कळ श्रम वाचतात. परंतु पाने, लेख आणि छायाचित्रे प्रत्येक स्थळाची वेगळी साठवली जातात. याचा अर्थ असा, की उद्या पुन्हा दूरध्वनी क्रमांक बदलला, तर तो चार ठिकाणी जाऊनच बदलावा लागेल. ज्या अडचणीमुळे आपण हा विचार करू लागलात, तिचे निवारण केवळ मल्टिसाइटने होत नाही, ही गोष्ट विक्रेत्याच्या बोलण्यात बहुधा येत नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या मार्गात सामाईक माहिती एकाच ठिकाणी साठवतात आणि चारही संकेतस्थळे ती तेथून उचलून दाखवतात. यासाठी ‘हेडलेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रणाली आहेत. त्यांच्यात मजकुराचे कोठार वेगळे आणि तो दाखवणारी संकेतस्थळे वेगळी असतात. व्यवस्था उत्तम आहे, पण पानाच्या मांडणीत थोडा बदल करायचा तरी प्रोग्रामर लागतो, आणि ज्या पेढीच्या पदरी कायमचा प्रोग्रामर नाही, तिने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. आपल्यासारख्या चार स्थळांसाठी मल्टिसाइट घ्यावी आणि तिच्यावर एक लहानसे प्लगइन लिहवून घ्यावे, ज्यात पत्ता, दूरध्वनी, कामकाजाच्या वेळा आणि सुट्ट्या एकदाच भरल्या जातील व चारही स्थळांवर त्या तेथूनच दिसतील. करार करताना ‘एका ठिकाणी क्रमांक बदलून दाखवा’ असे म्हणून समोर करून घ्यावे.

आता खऱ्या महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ : सामाईक काय ठेवायचे आणि काय मुळीच ठेवायचे नाही. अनेक जण पानाच्या तळाची पट्टी एकच करून ती सगळीकडे लावतात, आणि तेथेच घोटाळा होतो. आपल्या चार व्यवसायांपैकी कोणी भागीदारीत असेल, कोणी एकट्याच्या मालकीचा असेल, एखादी खासगी मर्यादित कंपनी असेल. कायद्याच्या दृष्टीने त्या वेगळ्या संस्था असतील, तर प्रत्येकीचा १५ अक्षरांकी जीएसटी क्रमांक वेगळा असतो. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक तर जागेनुसार वेगळा असतो. कुपवाडच्या कारखान्याचा क्रमांक तासगाव रस्त्याच्या कोल्ड स्टोरेजच्या पानावर दिसला, तर ती चुकीची माहिती ठरते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि येथील बेदाण्याला ते त्याआधीच मिळाले होते. १९९९ च्या कायद्यानुसार हे मानांकन वापरण्याचा हक्क नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याला असतो. आपल्यापैकी एकाच पेढीने ती नोंदणी केली असेल, तर मानांकनाचे चिन्ह त्या पेढीच्या त्या मालाच्या पानावरच राहिले पाहिजे. ते सामाईक पट्टीत गेले, की ठिबकच्या दुकानावरही झळकू लागेल.

हळद पावडर आपण संकेतस्थळावरून थेट घरगुती ग्राहकाला विकत असाल, तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० पाहावेत. विकणाऱ्या संस्थेचे कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा व शाखांचा पत्ता, संपर्काचा तपशील आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती पानावर ठळकपणे द्यावी लागते. त्या अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करावयाचे असते. हा सर्व मजकूर त्या एका स्थळापुरता स्वतंत्र ठेवावा. अडत पेढीच्या पानावर त्याची नक्कल गेली, तर अडतीचा ग्राहक आपली तक्रार भलत्याच माणसाकडे पाठवील.

तारखेशी बांधलेली माहिती हा तिसरा प्रकार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक व तुषार सिंचनाच्या साहित्यावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जेथे कराचा दर प्रत्येक वस्तूच्या वर्णनात हाताने टंकलेला होता, तेथे प्रत्येक पान उघडून तो दुरुस्त करावा लागला; जेथे दर एका ठिकाणी नोंदवून पानांवर आपोआप उमटत होता, तेथे एका दुरुस्तीत काम झाले. भाडेदर, कराचे दर आणि सौदे बंद असण्याचे दिवस या गोष्टी वाक्यात गुंफू नयेत, त्यांची वेगळी नोंद करावी आणि नोंदीपुढे ‘या तारखेपासून लागू’ असे लिहिण्याची जागा ठेवावी.

दिसण्याविषयीची आपली काळजी अनाठायी आहे. मूळ थीम एकच ठेवून प्रत्येक स्थळाचे रंग, बोधचिन्ह आणि विषयसूची वेगळी ठेवता येते. शिवाय आपला वाचकही एक नाही. पावडर घेणारा परराज्यातील व्यापारी हिंदीत किंवा इंग्रजीत वाचेल, तर ठिबकचा संच घेणारा शेतकरी मराठीत आणि तोही मोबाइलवर वाचेल. त्यांच्यासाठी लिहिलेला मजकूर वेगळाच असला पाहिजे. पेढीची ओळख चारही ठिकाणी एकाच परिच्छेदात उरकू नये.

अधिकारांची वाटणी मात्र पहिल्याच दिवशी करावी. मल्टिसाइटमध्ये सर्वोच्च अधिकार असलेला प्रशासक चारही स्थळांवर काहीही करू शकतो; प्लगइन बसवणे वा काढणे त्याच्याच हाती असते. हा अधिकार दोघांनाच द्यावा, तिसऱ्याला नाही, आणि त्या दोघांपैकी एक घरचा असावा. कोल्ड स्टोरेजवरील कारकुनाला मजकूर लिहिता येईल पण प्रसिद्ध करता येणार नाही, अशी भूमिका वर्डप्रेसमध्ये तयारच असते, ती त्याला द्यावी. प्रवेशासाठी पासवर्डाबरोबर मोबाइलवरील संकेतांकही सक्तीचा करावा. या व्यवस्थेचा मोठा धोका हाच आहे, की एका स्थळावरच्या सदोष प्लगइनमधून कोणी आत शिरला, तर चारही पेढ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून प्लगइन मोजकी ठेवावीत, बॅकअपची प्रत त्याच सर्व्हरवर न ठेवता अन्यत्र ठेवावी आणि ती प्रत्यक्ष उघडते की नाही हे अधूनमधून तपासावे.

स्थलांतर एकदम करू नये. ज्या संकेतस्थळावर सर्वांत कमी व्यवहार होतो ते आधी हलवावे आणि तेथे बस्तान बसल्यावर पावडरीचे विक्रीस्थळ सर्वांत शेवटी घ्यावे. जुन्या प्रत्येक पानाच्या पत्त्याची यादी करून तो पत्ता नव्या पानाकडे ‘३०१’ प्रकाराने, म्हणजे कायमचा, वळवावा. हे वळवणे किमान एक वर्ष तरी ठेवावे, अशी गुगलची शिफारस आहे. जुना मराठी मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण लिपिसंकेताच्या पूर्वीच्या फॉन्टमध्ये असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा, नाहीतर नव्या पानावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतील. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार माणसाने वाचून तपासावेत, यंत्रावर सोडू नयेत.

प्रश्न : आमची तंतुवाद्ये विकण्याची एक आणि दुरुस्तीच्या कामाची दुसरी अशा दोन वेबसाइट एकाच प्रणालीवर आहेत. तानपुऱ्याची निगा कशी राखावी हा लेख दोन्हीकडे ठेवला आहे. एकच मजकूर दोन ठिकाणी असला तर गुगल दंड करते, असे ऐकले. खरे आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्याच दोन संकेतस्थळांवर एक लेख असणे हा फसवणुकीचा प्रकार नव्हे आणि त्यासाठी दंड होत नाही. होते ते एवढेच, की गुगल दोहोंपैकी एक प्रत मुख्य मानून शोधात तीच दाखवते, आणि ती आपल्याला हवी असलेलीच असेल असे नाही. मुख्य प्रत कोणती हे पानाच्या पडद्याआडच्या कोडमध्ये सांगण्याची ‘कॅनॉनिकल’ ही खूण गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये एकत्र स्वीकारली. ही खूण सूचनेच्या स्वरूपाची आहे, पण बहुतेक वेळा पाळली जाते. निगेचा लेख दुरुस्तीच्या स्थळावर मुख्य ठरवून विक्रीच्या स्थळावरील प्रतीत त्याचा पत्ता द्यावा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन लेख लिहिणे : विक्रीच्या स्थळावर वाद्य निवडताना भोपळा आणि दांडी कशी पाहावी हे, आणि दुरुस्तीच्या स्थळावर जवारी काढायची (घोडी घासून नाद पुन्हा खुलवायची) वेळ आली हे कसे ओळखावे हे. असे लिहिण्यासारखे ज्ञान आपल्या कारखान्यात आहे आणि ते दोन्ही वाचकांना उपयोगी पडेल.

प्रश्न : आम्हा दोन चुलत भावांच्या तीन वेबसाइट एकाच मल्टिसाइटवर आहेत. पुढे व्यवसाय वेगळे झाले, तर एक वेबसाइट बाहेर काढता येते का?
– एक वाचक, कराड

उत्तर : काढता येते, पण ते खटपटीचे काम आहे आणि संबंध चांगले असतानाच त्याची तयारी करून ठेवावी. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या जशा आधी कागदावर लिहितात, तसे येथेही लिहून ठेवणे योग्य.

पहिली गोष्ट डोमेनची. प्रत्येक डोमेन ज्या पेढीचे, तिच्याच नावावर आणि तिच्याच ई-मेलवर नोंदलेले असावे. वेबसाइट करून देणाऱ्याच्या किंवा एकाच भावाच्या नावावर तिन्ही डोमेन असतील, तर आजच बदलून घ्यावीत. होस्टिंगचे (संकेतस्थळ ठेवण्याच्या सर्व्हरवरील जागेचे) खाते सामाईक असले तरी त्याचा खर्च कोण किती देतो आणि वेगळे होताना किती मुदतीची सूचना द्यायची, हे साध्या कागदावर दोघांनी सही करून ठेवावे.

दुसरी गोष्ट ग्राहकांच्या नोंदींची. मल्टिसाइटमध्ये वापरकर्त्यांची सारणी एकच असल्याने कोणता ग्राहक कोणाचा, हे वेगळे होताना सोडवत बसावे लागते. ग्राहकाने ज्या कारणासाठी माहिती दिली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सूत्र आहे. त्यामुळे संपूर्ण यादीची नक्कल करून दोघांनी घेणे योग्य होणार नाही. ज्याच्या पेढीशी ग्राहकाचा व्यवहार, त्याच्याकडेच ती नोंद जावी.

प्रत्यक्ष बाहेर काढताना वर्डप्रेसची निर्यात फाइल पाने आणि लेख देते, पण थीमची मांडणी आणि प्रत्येक प्लगइनच्या नोंदी त्यात येतीलच असे नाही. विक्रीच्या पावत्या आणि मागण्या जाणकाराकडून वेगळ्या काढून घ्याव्या लागतात. छायाचित्रे आयात करताना ती जुन्या पत्त्यावरून उतरवली जातात, म्हणून जुने संकेतस्थळ त्या वेळी चालू असणे आवश्यक आहे. ते बंद करण्यापूर्वी नव्या ठिकाणची पाने एकेक करून उघडावीत आणि प्रत्येक छायाचित्र तेथे आले आहे याची खात्री करून घ्यावी.