नोकरी सांभाळून सॉफ्टवेअर व्यवस्थापन शिकवायला घेताय?

पहिलंच सत्र असेल तर तासाभराच्या व्याख्यानामागे तीन-चार तास तयारीचे धरा. तपासणीचा वेळ वेगळा. नवखे शिक्षक तपासणीतच अडकतात, म्हणून गुण देण्याचे निकष काम देण्याआधीच लिहून ठेवा.

कामाचा अंदाज कसा बांधायचा, हे नुसतं फळ्यावर शिकवू नका. चार-पाच जणांचे गट करा, सगळ्यांना एकच छोटं काम द्या आणि प्रत्येकाला न बोलता तासांचा आकडा लिहायला सांगा. आकडे एकदम उघडा. कुणी ४ लिहितो, कुणी २०. आधी त्या दोघांनाच बोलतं करा. बहुतेकदा एकाने चाचणीचा वेळ धरलेलाच नसतो. माणसं वाढवली की काम लवकर उरकतं, हा समजही आकड्यांनीच मोडा: ५ जणांत संवादाच्या जोड्या १०, १० जणांत थेट ४५, म्हणजे एकमेकांशी बोलण्यातच जास्त वेळ जातो.

गटप्रकल्पात सरसकट सारखे गुण देऊ नका; एकटा राबतो आणि बाकीचे तरून जातात. कोडच्या नोंदी दर आठवड्याला बघा, पण कमिटच्या (कोडमधला बदल जतन केल्याची एकेक नोंद) संख्येवर जाऊ नका, ती सहज फुगवता येते. दहा मिनिटांची तोंडी परीक्षा जास्त खरं सांगते.

आणि हो, ऑफिसातली उदाहरणं वर्गात आणण्याआधी गोपनीयतेचा करार वाचा, शिकवण्याची लेखी परवानगीही घ्या.