आधी विकू की आधी घेऊ?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही डोंबिवली पूर्वेला वन बीएचकेत १७ वर्षं राहतोय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे गेलेत, गेल्या दिवाळीपासून त्या खाली उतरल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणून ठाण्यात लिफ्टवाला रिसेलचा टू बीएचके बघितला, ७८ लाख, आणि हातचा जाईल या भीतीने मिस्टरांनी दोन लाख टोकन देऊनही टाकलं. आमचा फ्लॅट ४८ ला ठरलाय पण घेणाऱ्याचं लोन अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे, त्यात तो म्हणतो पितृपक्षात ॲग्रीमेंट नको. आमचंही सहा लाख लोन बाकी आहे. ठाण्याचे मालक म्हणतात ४५ दिवसांत सगळं पेमेंट पाहिजे नाहीतर टोकन विसरा, त्यातले २० दिवस गेलेसुद्धा. वर शेजारचे काका सांगून गेले की सहा महिन्यांत दुसरं घर घेतलं नाही तर निम्मे पैसे टॅक्समध्ये जातात. घरात रोज भांडणं, मी रात्री तीनला उठून कॅल्क्युलेटर उघडून बसते. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, पहिले काकांचं निस्तरू, म्हणजे निदान एक तरी ओझं कमी होईल. टॅक्स लागतो तो नफ्यावर, सगळ्या रकमेवर नाही. आणि राहतं घर विकून दुसरं घेतलं तर त्या नफ्यावर सूट आहे, सगळे ज्याला कलम ५४ म्हणून ओळखतात ती. नवीन घर विक्रीच्या एक वर्ष आधी घेतलेलं चालतं, नंतर दोन वर्षांपर्यंत चालतं, बांधत असशील तर तीन. मधे रिटर्न भरायची तारीख आली तर उरलेला नफा बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंटला ठेवायचा. काकांचे सहा महिने हे बाँडमधे पैसे गुंतवणाऱ्यांसाठी आहेत, ते कुठेतरी ऐकून त्यांनी तुमच्या गळ्यात बांधले.

आता खरी गोष्ट. तुझी झोप ७८ लाखांनी उडवलेली नाहीये, ती ४५ दिवसांनी उडवलीय. तुम्ही लोकांनी दुसऱ्याच्या बँकेच्या भरवशावर तिसऱ्याला तारीख दिलीत. बघ कसं असतं, तुमच्या गिऱ्हाइकाचं लोन सँक्शन होणार, मग लीगल-टेक्निकल, म्हणजे घराच्या कागदांची आणि घराची तपासणी, त्यासाठी त्यांची बँक तुमची कागदपत्रं मागणार, ती तर तुमच्या बँकेच्या लॉकरमधे, म्हणून तुम्ही फोरक्लोजर लेटर, म्हणजे लोन फेडायला किती बाकी आहे त्याचं पत्र काढणार, बऱ्याचदा त्यांची बँक आधी सहा लाखांचा चेक तुमच्या बँकेच्या नावाने देते, मग तुमची बँक ओरिजिनल पेपर सोडणार, आणि त्याला रिझर्व्ह बँकेनेच ३० दिवस दिलेत (त्याहून उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हे लक्षात ठेव, तिथे कोणी आपणहून सांगत नाही). मग उरलेले पैसे तुमच्या हातात. हे सगळं २५ दिवसांत? पितृपक्षाला उगाच बोल लावू नकोस, पितर बँकेच्या वकिलापेक्षा लवकर पावतात.

म्हणून या आठवड्यात दोघांनी मिळून ठाण्याच्या मालकांना भेटा. फोनवर नको, एजंटमार्फत तर नकोच, त्याला दोन्हीकडून ब्रोकरेज हवंय, तो दोघांनाही ‘हो जाएगा’ म्हणणार. समोर बसून सांगा की आमचं गिऱ्हाईक पक्कं आहे, हे त्याचं सँक्शन लेटर (ते आधी त्याच्याकडून घ्या, नुसतं ‘प्रोसेसमध्ये’ चालणार नाही), आम्हाला अजून ६० दिवस द्या. माणसाला नुसती मुदत मागितली की तो बिथरतो, कागद दाखवला की बसून ऐकतो. आणि टोकन देताना विसारपावती केली होती का? त्यात लोन नाही झालं तर काय, तारीख चुकली तर काय, हे लिहिलंय का? नसेल तर आता मुदतवाढीबरोबर लिहून घ्या. लोन नामंजूर झालं तर टोकन परत, हे एक वाक्य दोन लाखांचं आहे.

तुमच्या घराच्या ॲग्रीमेंटमधे पण एक गोष्ट घाल, पूर्ण पेमेंट झाल्यावर ताबा ३० किंवा ४५ दिवसांनी. नवरात्रात गिऱ्हाईक सही करेल तेव्हा खूश असेल, तेव्हाच मागायचं. नंतर चावी मागायला तो सामानाच्या टेम्पोसकट दारात उभा राहतो, असं आमच्याच बाबतीत झालंय, मी गॅसवर कुकर चढवलेला आणि त्यांचा सोफा जिन्यात.

हिशोब पण परत मांड, तुझ्या रात्री तीनच्या हिशोबात काय सुटलंय सांगते. ४८ मधून सहा गेले, ४२ उरले, दोन टोकनचे दिलेतच, म्हणजे ३४ चं लोन, बरोबर? पण स्टॅम्प ड्यूटी ठाण्यात ७ टक्के, ७८ लाखांवर ५ लाख ४६ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, दोन्हीकडचं ब्रोकरेज, सोसायटीची ट्रान्सफर, शिफ्टिंग. हे खिशातून लागतात, आणि ड्यूटी तर दस्त नोंदवायच्या आधीच भरायची. घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर ड्यूटीत एक टक्का सूट, ७८ हजार वाचतात. जोडीने नाव घातलंत तर नाही मिळत. मिस्टर लोनला को-बॉरोअर राहू शकतात. हे त्यांना रविवारी जेवण झाल्यावर सांग, भांडणाच्या मधे नको. ब्रिज लोन, म्हणजे जुनं घर विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, ते पण मिळतं काही बँकांत, पण जुनं घर वेळेत नाही गेलं तर दोन हप्ते चालू होतात, तुमच्या पगारात मला तरी ते नको वाटतं.

आणि ठाण्याचे मालक नाहीच ऐकले तर? तर माझं मत ऐक, कडू आहे. जाऊ दे ते घर. आधी विका, पैसे हातात घ्या, डोंबिवलीतच लिफ्टवाल्या बिल्डिंगमधे ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करा आणि निवांत घर शोधा. दोनदा सामान हलवावं लागेल, खरंय. पण मला माहितीये अडचण सामानाची नाहीच, ‘स्वतःचं विकून भाड्याने राहायला लागले’ असं वहिनी काय म्हणतील, जाऊबाई काय म्हणतील, ही आहे. म्हणू देत की. सासूबाई लिफ्टने खाली उतरून बागेत बसतील ना, ते घर भाड्याचं आहे हे त्यांच्या गुडघ्यांना कळणार नाहीये. हातात पैसे असलेल्या गिऱ्हाइकाला भाव पण कमी होतो हे वेगळंच.

आणि तीनला जाग आली तर मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला. त्या वेळी मांडलेला हिशोब सकाळी कधी जुळत नाही.

प्रश्न : आमचा पुण्यातला फ्लॅट विकतोय, सोसायटी एनओसीसाठी एक लाख ‘डोनेशन’ मागतेय, घेणारा घाईत आहे, देऊन मोकळं व्हावं का?
– कोथरूड

उत्तर : नका देऊ. सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करायची रक्कम) जास्तीत जास्त २५ हजार घेता येतो, डोनेशन, विकास निधी कुठलंही गोंडस नाव दिलं तरी त्यावर नाही. साधी विक्री असेल तर उपविधीनुसार (सोसायटीच्या नियमांनुसार) एनओसी सक्तीची पण नाही, बँक मागते म्हणून आपण धावतो. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, ‘मागणी कोणत्या उपविधीखाली आहे ते लेखी कळवावं’ एवढं एकच वाक्य घाला, पोच घ्या आणि थांबा. बहुतेक वेळा लेखी उत्तर येत नाही, एनओसी येते. नाही आली तर उपनिबंधक सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा, आणि घेणाऱ्यालाही हे सगळं आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरून दुसरं घर बघायला लागेल.