शिष्यवृत्ती उशिरा आली तर शिक्षण मधेच थांबेल का?

दहावीचा निकाल लागला की सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे प्रश्न मार्कांचे कमी आणि पैशांचे जास्त असतात. पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला घालायचं ठरलेलं असतं. शिष्यवृत्ती असते हेही ऐकलेलं असतं. गाडी अडते ती पुढच्या वाक्यावर: "आणि नाहीच आली तर?" पहिलं वर्ष कसंबसं निघेल, पण फी थकली आणि पोराला मधेच काढावं लागलं तर केलेला खर्चही वाया, वर्षही वाया. ही भीती उगाच नाही. अशी उदाहरणं प्रत्येकाच्या भावकीत असतात. पुढे सांगते त्या कुटुंबात तर ते उदाहरण घरातच होतं. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ऋतुजाला दहावीला ८३ टक्के पडले होते. तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. वडील गवंडी, आई घरी शिवणकाम करते. सोबत मोठा भाऊ सागर आला होता. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला आणि सुरुवातीला एक शब्द बोलला नाही. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे, शिकवायचं तर आहेच. पण याच्या वेळेला फसलो आम्ही." सागरने दोन वर्षांपूर्वी मेकॅनिकलला प्रवेश घेतला होता. कॉलेजने पूर्ण फी आधी भरून घेतली, शिष्यवृत्ती आली की अर्धी परत देऊ म्हणून सांगितलं. ती आलीच नाही. दुसऱ्या वर्षाची फी उभी राहिली नाही आणि सागर एका वर्कशॉपमध्ये कामाला लागला. घरात सगळ्यांनी मनाशी एकच धरलं होतं: गरिबाला काही मिळत नाही, ज्याची ओळख त्यालाच मिळतं.

अशा वेळी "नाही हो, मिळते शिष्यवृत्ती, काळजी करू नका" असं सांगून काहीही साधत नाही. त्यांचा अनुभव खरा असतो, आपला दिलासा ऐकीव. म्हणून मी ऋतुजाचा विषय बाजूला ठेवला आणि सागरला विचारलं, तुझा अर्ज नेमका कुठे अडकला होता? त्याला माहीत नव्हतं. "आला नाही मॅडम पैसा, एवढंच." पुढच्या भेटीत त्याची जुनी फाइल आणायला सांगितली.

फाइल प्लास्टिकच्या पिशवीत होती. आत नेट कॅफेवाल्याने पेनाने लिहून दिलेली महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, युजरनेम-पासवर्डची चिठ्ठी होती. लॉगिन केलं. अर्ज कॉलेजच्याच टेबलावरून दुरुस्तीसाठी परत आला होता, म्हणजे कॉलेजची मुलं ज्याला 'सेंड बॅक' म्हणतात ते. कारण: उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. मोबाइलवर फोटो काढून चढवलेला, खालचा बारकोड अर्धा कापलेला. दुरुस्तीची मुदत केव्हाच संपली होती. मेसेज का आला नाही, तर प्रोफाइलमधला मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा होता. सागर स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे रद्द नव्हता केला?"

त्याचं ते वर्ष हातचं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. पण मला विचाराल तर त्या तासाभराचं मोल पुढच्या सगळ्या सल्ल्यापेक्षा जास्त होतं. 'आपल्याला देत नाहीत' आणि 'आपला कागद अडकला' यांत फार अंतर आहे. पहिल्यावर उपाय नसतो. चूक सागरची आहे असं मात्र मी त्याला वाटू दिलं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कॅफेत पैसे दिले, पावती घेतली आणि काम झालं असं समजला. मोठी माणसंही तेच करतात.

मग ऋतुजाकडे वळलो. तिचं कुटुंब ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या खूपच खाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयामुळे २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याआधी सवलत निम्मी होती. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. या दुसऱ्या अटीपाशी माणसं फार घसरतात. मनासारखं कॉलेज कॅपमध्ये मिळालं नाही की कुणीतरी मॅनेजमेंट कोट्यातली जागा सुचवतं, "फॉर्म आम्ही भरून देतो" म्हणतं, आणि शिष्यवृत्तीची पात्रताच जाते. ऋतुजाच्या मामांनी तशी एक जागा आणलीही होती. मी एवढंच म्हटलं की घराजवळचं कॉलेज हवं की फी माफी हवी, हे ठरवून मग मामांना फोन करा.

कॅपचा अर्ज भरताना तिला टीएफडब्ल्यूएसचा पर्यायही दाखवला. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्या गुणवत्तेने भरतात आणि एकदा घेतल्या की कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. तिला माफी तशीही मिळणार होती, म्हणून तिने तो घेतला नाही. तिच्या वर्गातल्या खुल्या गटातल्या एका मुलासाठी मात्र तोच पर्याय सोन्यासारखा होता. खुल्या गटाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असते, तीत मुलांना शिक्षण शुल्क निम्मंच मिळतं.

आता खरी मेख. 'मुलींना शिक्षण मोफत' हे ऐकून बाप निर्धास्त होतो आणि कॉलेजच्या खिडकीवर हातात फीचा कागद पडतो. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, ओळखपत्र, वह्या-ड्रॉइंगचं साहित्य, येण्याजाण्याचा खर्च हे सगळं घरचंच. ऋतुजाच्या वडिलांना हा आकडा आधीच कळावा म्हणून आम्ही कॉलेजचं फीपत्रक घेऊन बसलो आणि एकेका ओळीपुढे 'सरकार' किंवा 'घर' असं लिहीत गेलो. ते काम मी वडिलांच्याच हाताने करून घेतलं. शेवटी घरचा आकडा पहिल्या वर्षाला साधारण पंधरा-सोळा हजारांवर आला, एसटीचा सवलतीचा पास धरून. ते म्हणाले, "एवढंच?" मग लगेच, "एवढं तरी कुठून?"

इथे त्यांच्या धंद्याने मदत केली. मी विचारलं, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे का? होती. कामगारांना मिळणाऱ्या पत्र्याच्या पेटीसाठी केली होती कुणीतरी, नूतनीकरण मात्र राहून गेलेलं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिक्षणासाठी अर्थसाहाय्य देतं. दहावीला किमान ५० टक्के असतील तर १०,००० रुपये, आणि शासनमान्य पदविकेला दर शैक्षणिक वर्षी २०,००० रुपये. नोंदणी चालू ठेवायला वर्षातून ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून मिळतो. पेटी मिळते हे गावात प्रत्येकाला ठाऊक असतं, शिष्यवृत्तीचं फारसं कुणाला नसतं. याचा मला दर वर्षी राग येतो.

पण मूळ प्रश्न राहिलाच होता. पैसा उशिरा आला तर? माझं मत असं की उशीर होईल असं धरूनच चालावं. माफ केलेल्या शुल्काची रक्कम शासन शिष्यवृत्ती म्हणून दोन हप्त्यांत देतं आणि पहिला हप्तासुद्धा कधी शैक्षणिक वर्ष संपता संपता पडतो. ज्या घराने ती रक्कम दिवाळीला येईल असं गृहीत धरून उसनवारी केली, ते घर अडचणीत येतं. म्हणून मी पालकांना शिष्यवृत्ती मिळणार का, हे विचारत बसण्यापेक्षा एक वर्षभर एकही रुपया आला नाही तर कॉलेजला जायला किती लागेल, तो आकडा काढायला सांगते. तेवढा जमवता आला की प्रवेश घ्यायचा. ऋतुजाच्या घरी तो आकडा आईच्या बचत गटाच्या कर्जात बसत होता. बसला नसता तर शैक्षणिक कर्ज हा पुढचा मार्ग होता. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. पण पंधरा हजारांसाठी तिकडे जायची गरज नव्हती.

कागदांच्या बाबतीत नशीब बरं होतं. ओबीसी मुलांचं सगळ्यात जास्त अडतं ते जात वैधता प्रमाणपत्रापाशी. इथे सागरचं वैधता प्रमाणपत्र होतं, ते त्याने डिप्लोमाच्या वेळी काढलं होतं. सख्ख्या भावाची वैधता असली की समितीपुढे बहिणीचं प्रकरण सोपं होतं. मी ते सांगितलं तेव्हा सागर पहिल्यांदा दारापासून उठून टेबलाशी आला. फाइलमधून प्रमाणपत्र काढलं, त्याला लावलेली जुनी स्टेपल पिन नखाने उचकटली आणि कागद सरळ करून बहिणीपुढे ठेवला. त्या दिवसापासून अर्जाचं काम त्याने अंगावर घेतलं. दाखले या वेळी स्कॅनरवर काढले. प्रोफाइलमध्ये नंबर ऋतुजाच्या आईचा, कारण तो फोन नेहमी घरात असतो.

बँक खात्याचं एक राहिलं होतं. पासबुकावर आधार नंबर छापलेला होता, म्हणून ते निश्चिंत होते. थेट लाभाची रक्कम मात्र अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नसतं. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत तुमचं आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे, तिथे ती जाते. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली तर ऋतुजाच्या नावापुढे कुठलीच बँक नव्हती. बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती फॉर्म वेगळा भरावा लागला. ही तपासणी अर्जाआधी करावी. माझ्याकडे येणाऱ्या 'पैसे मंजूर दिसतात, खात्यात नाहीत' या तक्रारींत बहुतेकदा हेच निघतं.

आणि लाज. याबद्दल कुणी बोलत नाही. कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं विचारायला मुलं कचरतात. खिडकीवर मागे वर्गातली मुलं उभी असतात, क्लार्क मोठ्याने बोलतो. ऋतुजा म्हणाली, "मॅडम, ते ओरडले तर मी परत जाणारच नाही." आम्ही नेमकं काय विचारायचं ते बोलून पाहिलं. "सर, माझं शिष्यवृत्तीचं काय झालं?" असं विचारलं की "येईल, येईल" हेच उत्तर मिळतं. "सर, माझा अर्ज कॉलेजकडून पुढे गेला का, की तुमच्या लॉगिनला आहे?" असं विचारलं तर क्लार्कला संगणकात बघावंच लागतं. तिने ते माझ्यासमोर दोन-तीनदा म्हणून बघितलं, हसली, परत म्हटलं. कागद दिला तर पोच घ्यायची, हेही सांगितलं. पूर्ण फी आधी भरा असं कुणी म्हणालं तर भांडायचं नाही, शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची.

तिला प्रवेशाच्या वेळी एकदा तशी मागणी झालीच. सागर सुट्टी टाकून गेला, अर्ज दिला, आणि शिक्षण शुल्क सोडून बाकीची रक्कम भरून आला. मंडळाचे दहा हजार त्यानंतर काही महिन्यांनी वडिलांच्या खात्यात पडले. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता उन्हाळ्यात आला. तोपर्यंत त्याची कुणी वाट बघत बसलेलं नव्हतं.

परवा सागरचा फोन होता. ऋतुजाच्या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज सुरू झालाय, उत्पन्नाचा जुना दाखला चालेल का? नाही चालणार, एका वर्षाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तलाठ्याकडून नवीन अहवाल घेऊन सेतूत टाकायला सांगितलं. या वेळी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला माग, म्हटलं. मग त्याने हळूच विचारलं, काम करता करता पुन्हा डिप्लोमाला बसता येतं का. त्याला त्याच्या मार्कलिस्ट घेऊन सोमवारी बोलावलं आहे.