मामाशी बोलायचं तरी काय?

"घरातल्या मोठ्या माणसांशी बोलायला विषयच उरत नाही." चाळिशी-पन्नाशीतली किती माणसं हे माझ्यासमोर बसून म्हणतात! बहुतेकांच्या स्वरात अपराधीपणा असतो.

अशीच एक जण समुपदेशनासाठी माझ्याकडे आली, तेव्हा तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. आईच्या पिढीतला एकटा मामा उरलेला, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला. फोनवर "औषध घेतलंस?" "घेतलं." "जेवलास?" "जेवलो." संपलं. बाहेर जेवायला नेलं तर तिथेही गप्प. आईचा विषय काढला की उठूनच जायचा.

"मॅडम, त्याला माझ्यात रसच नाही."

"आणि तुम्हाला त्यांच्यात?"

"काळजी आहे ना!"

"ती दिसतेच आहे. पण त्यांच्याबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटतं, खरं काम त्या शांततेत सुरू झालं. काळजीच्या प्रश्नांना "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर असतं, आणि ते देणारा दर वेळी थोडा अधिक म्हातारा होतो.

हॉटेलातल्या गप्पपणाचं कारण बहुधा साधं होतं. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, गलक्यात शब्द निसटतात, आणि "काय म्हणालीस?" असं पुन्हापुन्हा विचारण्यापेक्षा माणूस गप्प बसणं पसंत करतो. त्यातून समोरासमोर बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. शेजारी चालताना जीभ सैल होते. मी सुचवलं, शांत ठिकाणी जा, त्यांना माहीत आणि तुम्हाला नवीन अशा ठिकाणी. आईचा विषय काढू नका.

ती त्याला रेल्वेच्या संग्रहालयात घेऊन गेली. तिथे जुना, खांबावर हातासारखी लाल पट्टी असलेला सिग्नल उभा होता; ती पट्टी म्हणजेच सिग्नलचा 'हात', तो तारेने हलवतात. तिने सहज विचारलं, "मामा, ह्याची तार तुटली तर?"

"तर हात आपोआप आडवा व्हायला हवा. आडवा म्हणजे थांबा. बिघाड झाला तरी गाडी थांबलीच पाहिजे, अशीच रचना असते." मग तो खांबाला हात टेकून वजन कुठे, तार कुठून, सगळं दाखवत राहिला. परतताना स्वतःहून म्हणाला, "पहिल्या रात्रपाळीला मी घाबरलो होतो. फक्त तुझ्या आईला माहीत होतं."

हे सांगताना ती रडत होती आणि हसतही होती. आईपर्यंतची वाट मामाच्या कामावरून गेली.

रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने 1963 मध्येच मांडलं होतं की म्हातारपणी मागे वळून पाहणं ही निरर्थक बडबड नव्हे, ते त्या वयाचं गरजेचं काम आहे. माझी सगळी भिस्त या विचारावर आहे. या कामाला ऐकणारा लागतो, आणि तोही खरा उत्सुक. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारलात तर त्यांना लगेच कळतं.

सुरुवात लहान ठेवा. एका वेळी एकच ठिकाण, बसायला जागा, जवळ स्वच्छतागृह. "नको" म्हणाले तर जुनं एखादं अवजार घरीच त्यांच्या हातात द्या आणि ते कसं वापरायचं ते विचारा. तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर "हे सांगून झालंय" म्हणू नका. विचारा, तेव्हा तिथे आणखी कोण कोण होतं?