ऑटो एसीचा पंखा आपोआप कमी-जास्त का होतो?

तुम्ही विचारलंय की गाडीत एसी ऑटोवर ठेवून २४ अंश लावलं तरी सुरुवातीला पंखा जोरात फिरतो, मग हळू होतो आणि वाटेत मध्येच पुन्हा वाढतो. हा बिघाड आहे का, आणि १८ वर टाकलं तर गाडी लवकर थंड होईल का? बिघाड नाही, भाऊ. आणि १८ लावून लवकर थंडही होत नाही.

ऑटोमध्ये कंट्रोलर फक्त आतलं तापमान बघत नाही. आतल्या हवेचा सेन्सर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या छोट्या जाळीमागे असतो, बाहेरच्या हवेचा बंपरमागे, उन्हाचा डॅशबोर्डवर काचेजवळ आणि आणखी एक इव्हॅपोरेटरवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या भागावर. आत २४ टिकवायला एसीच्या जाळीतून किती थंड हवा सोडावी लागेल, हे तो या सगळ्यांवरून काढतो. गरज जितकी मोठी तितका पंखा जोरात. मे महिन्यात आपल्या नागपुरात, धंतोलीत भर उन्हात तासभर उभी केलेली गाडी आतून ५० अंशांच्या सहज पुढे जाते. तेव्हा २४ लावा की १८, पंखा आणि कॉम्प्रेसर दोन्ही पूर्ण जोरावरच असतात. फरक पडतो तो नंतर: २४ वर पंखा मागे सरतो, १८ वर उगाच ओरडत राहतो.

हे मागे सरणं हळूहळू होतं, कारण ऑटो एसीत साध्या एसीसारखे चार ठरलेले वेग नसतात. मोटरला जाणारी वीज एक ट्रान्झिस्टर मॉड्यूल बारीक बारीक कमी-जास्त करतं. ते तापतं, म्हणून पंख्याच्याच हवेच्या वाटेत बसवलेलं असतं. पंखा एकाच वेगावर अडकला किंवा अजिबात फिरेना, तर मेकॅनिकला आधी हेच बघायला सांगा.

आता मध्येच वाढण्याचं. आपल्याकडे २६ मेच्या आसपास, म्हणजे ऐन नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. चार वाजता अमरावती रोडनं वाडीकडे निघालात तर तोच सूर्य समोरच्या काचेतून आत येतो. अंगावर ऊन असलं की तेवढ्याच तापमानात माणसाला जास्त उकडतं, म्हणून उन्हाचा सेन्सर आतली हवा तापायची वाट न बघता पंखा वाढवायला लावतो. मला या यंत्रणेतली ही सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. सिग्नलवरचं कारण वेगळं: इंजिन मंद झालं की पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसरही मंदावतो, हवा तेवढी गार येत नाही आणि थोड्या वेळात पंखा ती कसर भरून काढतो.

म्हणून डॅशबोर्डवर मॅट, मूर्ती, फाइल ठेवताना उन्हाच्या सेन्सरचा तो काळा गोल ठिपका झाकू नका. झाकला तर गाडीला ऊन दिसतच नाही आणि तुम्ही घामाघूम. आवाज भरपूर पण हवा कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. आपल्या धुळीत तो लवकर भरतो.

शेवटचं, कारण बऱ्याच जणांची तक्रार इथेच असते: पंख्याच्या बटणाला हात लावला की बहुतेक गाड्यांत पंखा ऑटोतून सुटतो आणि तुम्ही दिलेल्या वेगावरच फिरत राहतो. पुन्हा ऑटोचं बटण दाबलं की झालं.