मांजरांची चित्रे, बँकेची नोकरी आणि एक नेहमीचा प्रश्न

“नोकरी सोडल्याशिवाय मला चित्रकार होता येणारच नाही का?” हा प्रश्न माझ्याकडे अनेकजण घेऊन येतात, चित्राच्या जागी कधी गाणे असते, कधी लेखन. येथे ज्या बाईंविषयी लिहीत आहे, त्यांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत. त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि रोज डोंबिवलीहून लोकलने फोर्टमधल्या बँकेत जात असत. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण होऊनही त्यांना वाणिज्य शाखेला घालण्यात आले होते. पुढे घरात तिरंगी चिंगी आली, तिच्यामागून बंड्या नावाचा बोका आला, आणि कित्येक वर्षे सुटलेली पेन्सिल त्यांच्या हातात पुन्हा आली.

पहिल्या भेटीत त्या सतत वेळेविषयीच बोलत होत्या. घरी पोहोचायला आठ वाजतात, स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास उरकेपर्यंत अकरा होतात आणि त्यानंतर हात चालत नाही. “पैसे मिळत असतील तर काढ, नाहीतर निदान झोप तरी घे,” असे पती म्हणतात, आणि ते काही वाईट मनाने म्हणत नाहीत, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. मी त्यांना पुढच्या वेळी वह्या घेऊन यायला सांगितले.

जुन्या वहीत बँकेतल्या रद्द स्लिपांच्या पाठीवर बॉलपेनने काढलेली चिंगी होती. कानांचे प्रमाण चुकले होते, परंतु झोपेत सैलावलेल्या पोटाचे वजन एका रेषेत अचूक उतरले होते. नव्या वहीत मात्र निरनिराळ्या घरांतली मांजरे होती. सगळी समोर बघणारी, फोटोवरून काढलेली, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चित्र पोहोचवण्याची तारीख. मैत्रिणींनी कौतुक केले, त्यातून ऑर्डरी येऊ लागल्या, आणि गेल्या दिवाळीपासून चिंगीचे किंवा बंड्याचे एकही चित्र झालेले नव्हते. हे पाने उलटताना त्यांच्याच लक्षात आले आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

माझ्या मते त्यांची अडचण नोकरीपेक्षा येथे अधिक होती. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्रक देण्याचे आधीच कबूल केले होते. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ती मुले इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना प्रशस्तिपत्रक अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून होती. मोबदला घेणे गैर आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. पण आवडीचे काम पूर्णपणे मोबदल्याच्या हवाली केले की त्यातली ओढ कमी होऊ शकते, आणि नोकरी सोडल्यास तर घरकर्जाच्या हप्त्यांचा भारही त्या ऑर्डरींवरच पडला असता.

त्यांना आँरी रूसो या फ्रेंच चित्रकाराविषयीही सांगितले. ते पॅरिसमध्ये जकात वसुलीच्या नोकरीत होते, चित्रकला स्वतःच शिकले, आणि वादळात सापडलेल्या वाघाचे त्यांचे प्रसिद्ध चित्र 1891 सालचे, म्हणजे नोकरीत असतानाचे आहे. ती नोकरी त्यांनी 1893 मध्ये सोडली. वाघसुद्धा मांजराच्याच कुळातला, हे ऐकून बाई पहिल्यांदा मनमोकळ्या हसल्या.

मग आम्ही वेळेकडे वळलो. मांजरे पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक जागी असतात, आणि पोट भरल्यावर बहुधा अंग चाटून झोपतात. चिंगी रोज साडेपाचला पायाशी घुटमळून त्यांना उठवतच होती. तेव्हा ठरले ते असे, की मांजरांची ताटली खाली ठेवली की वही उघडायची, चहा होईपर्यंत काढायचे, आणि ती वही कोणालाही दाखवायची नाही. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे म्हणण्यापेक्षा ‘अमुक झाले की तमुक’ अशी गाठ बांधलेला संकल्प अधिक पाळला जातो, असा माझा अनुभव आहे. ऑर्डरी बंद केल्या नाहीत, पण महिन्याला दोनच घ्यायच्या आणि त्या रविवारी बसून करायच्या, असे त्यांनी स्वतःच ठरवले.

हे सुरळीत पार पडले नाही. मार्चअखेरीच्या कामात वही मिटलेलीच राहिली आणि ‘मला जमणारच नाही’ हे पालुपद परत सुरू झाले. एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली. चाटणाऱ्या मांजराची मान क्षणात फिरते, म्हणून त्या आता एकाच पानावर पाच-सहा अर्धवट माना काढतात आणि त्या अर्धवटपणाबद्दल त्यांना वाईट वाटत नाही.

नोकरी कोणी सोडूच नये, असे माझे म्हणणे नाही. वर्षभराचा खर्च बाजूला असेल आणि सोडल्यानंतरचा साधा मंगळवार कसा जाईल हे सांगता येत असेल, तर मी स्वतः त्या व्यक्तीच्या पाठीशी उभी राहते. या बाईंनी तो निर्णय कर्ज फिटेपर्यंत लांबणीवर टाकला आहे. मागच्या भेटीत त्यांनी सांगितले, की एका ग्राहकाला त्यांनी प्रथमच “गणपतीनंतर देईन” असे सांगितले, आणि त्या ग्राहकाने ते मान्य केले.